जंगलावरून हवाई गॅमा सर्वेक्षण : प्रश्न ठरवण्यापासून नकाशा वाचण्यापर्यंत

हवाई गॅमा सर्वेक्षणाचे, म्हणजे जमिनीतून निघणारे गॅमा किरण विमानातून मोजण्याचे, तंत्र मुळात युरेनियमच्या शोधासाठी वाढले. भूवैज्ञानिकाला खडकातील आणि मातीतील पोटॅशियम, युरेनियम व थोरियम यांचे प्रमाण हवे असते. मातीतला ओलावा, पीटचा (पाणथळ जागी साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा) थर, साचलेला बर्फ आणि उभी झाडे ही त्याच्या दृष्टीने मधली अडचण असते. पर्यावरण आणि वनविज्ञानात काम करणाऱ्याला मात्र अनेकदा ती अडचणच मोजायची असते. जमिनीतून निघालेले किरण विमानातील, किरण टिपणाऱ्या स्फटिकापर्यंत पोहोचेपर्यंत किती कमी झाले, यावरून वाटेत किती पाणी किंवा किती वस्तुमान होते याचा अंदाज बांधता येतो. मोजणी एकच असते, तिच्यातला संकेत कोणता आणि अडथळा कोणता हे आपल्या प्रश्नावर ठरते. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी त्या प्रश्नाशी जोडून मांडली आहे.

यंत्राला नेमके काय दिसते

निसर्गातील तीन उगम येथे महत्त्वाचे आहेत. पोटॅशियम-४० हा समस्थानिक एकूण पोटॅशियमच्या केवळ ०.०११७ टक्के असतो, पण त्याचा १.४६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण सहज ओळखता येतो. युरेनियमसाठी त्याच्या विघटन-साखळीतील बिस्मथ-२१४ चा १.७६ चा, तर थोरियमसाठी थॅलियम-२०८ चा २.६१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण मोजतात. म्हणजे युरेनियम आणि थोरियम ही मूलद्रव्ये थेट मोजली जात नाहीत. साखळीतील सर्व घटक समतोलात आहेत असे गृहीत धरून प्रमाण काढले जाते, आणि म्हणूनच ते ‘सममूल्य’ युरेनियम व ‘सममूल्य’ थोरियम म्हणून नोंदवतात. दलदलीच्या जमिनीत हे गृहीतक हमखास डळमळते. भूजलातून आलेले युरेनियम पीटमध्ये अडकून साचते, पण ते तेथे नव्याने आलेले असल्यामुळे त्याची बिस्मथपर्यंतची साखळी तयार झालेली नसते. अशा ठिकाणी माती तपासली तर युरेनियम भरपूर सापडते आणि हवाई नकाशात मात्र काहीच दिसत नाही.

खोलीबाबतही अपेक्षा योग्य ठेवाव्यात. विमानापर्यंत पोहोचणाऱ्या किरणांपैकी सुमारे नव्वद टक्के किरण जमिनीच्या वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटर थरातून येतात. आडव्या दिशेने पाहिले तर १०० मीटर उंचीवरील यंत्र काहीशे मीटर व्यासाच्या क्षेत्राची सरासरी घेते. खोल मुळांच्या थराबद्दल किंवा एखाद्या झाडाखालच्या मातीबद्दल या पद्धतीने काही सांगता येणार नाही. मुळांच्या वरच्या थराबद्दल आणि मोठ्या क्षेत्राबद्दल मात्र पुष्कळ सांगता येते.

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात लिहा

“या वनक्षेत्राचे गॅमा सर्वेक्षण करायचे आहे” हा प्रश्न नव्हे. “या वनक्षेत्रात पीटची सीमा कोठे आहे”, “मातीची झीज कोठे जास्त झाली आहे”, “गेल्या हंगामाच्या तुलनेत वरच्या थरातील ओलावा किती बदलला”, “सीझियम-१३७ चा साठा कसा पसरला आहे” हे प्रश्न आहेत, आणि त्या प्रत्येकासाठी उड्डाणाची उंची, ऋतू, रेषांमधील अंतर आणि दुरुस्त्या वेगळ्या लागतात. ओलावा मोजायचा असेल तर एकाच रेषेवरून पुन्हा पुन्हा उडावे लागते. मातीचा पोत आणि मूळ खडक ओळखायचा असेल तर एकदाच, पण कोरड्या ऋतूत आणि दाट रेषांनी उडणे श्रेयस्कर. दोन प्रश्न एकाच मोहिमेत बसवण्याचा मोह होतो. माझ्या मते त्यांपैकी मुख्य कोणता ते आधी ठरवावे आणि दुसऱ्याला जे मिळेल त्यावर समाधान मानावे.

दुसरी पायरी : आधीची माहिती शोधा

नवे विमान उडवण्यापूर्वी त्या भागाचे जुने खनिज सर्वेक्षण उपलब्ध आहे का ते पाहावे. फिनलंडने १९७२ ते २००७ या काळात संपूर्ण देशाचे कमी उंचीवरून, २०० मीटर अंतराच्या रेषांनी सर्वेक्षण केले, आणि खनिजांसाठी जमवलेली तीच माहिती पुढे पीटभूमी व वनमातीच्या अभ्यासात उपयोगी पडली. ऑस्ट्रेलियाने अनेक वर्षांच्या वेगवेगळ्या सर्वेक्षणांची पातळी जुळवून २००९ मध्ये संपूर्ण देशाचा किरणोत्सार-नकाशा प्रसिद्ध केला. जुनी माहिती वापरताना तीन गोष्टी तपासाव्यात : मूळ वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याची नोंद) जपून ठेवला आहे की केवळ तीन मूलद्रव्यांचे आकडे, उंचीची नोंद प्रत्येक सेकंदाची आहे का, आणि सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झाले. यांपैकी शेवटची बाब कागदपत्रांत सर्वाधिक वेळा हरवलेली असते, आणि ओलाव्याचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

तिसरी पायरी : उड्डाणाची आखणी

यंत्रात थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचे स्फटिक असतात. एका नेहमीच्या स्फटिकाचे आकारमान ४.२ लिटर असते आणि चार स्फटिकांची पेटी १६.८ लिटरची होते. हेलिकॉप्टरमध्ये बहुधा एक पेटी बसते, तर विमानात दोन किंवा अधिक. त्यांच्यावर वरच्या दिशेने पाहणारा एक वेगळा स्फटिक ठेवतात, जो जमिनीपासून झाकलेला असतो आणि हवेतील रेडॉनचा, म्हणजे युरेनियमच्या साखळीत तयार होणाऱ्या किरणोत्सारी वायूचा, अंदाज देतो. मोजणी दर सेकंदाला होते, त्यामुळे सेकंदाला ६० मीटर वेगाने जाणारे विमान प्रत्येक नोंदीत ६० मीटर पट्टी व्यापते. हेलिकॉप्टरचा वेग याच्या साधारण निम्मा असल्याने त्याच जागेवर दुप्पट मोजण्या मिळतात. डोंगराळ वनात हेलिकॉप्टर घेण्याचे हे एक कारण, आणि जमिनीचा चढउतार पाळत उंची स्थिर ठेवता येते हे त्याहून मोठे कारण.

उंची शक्य तितकी कमी आणि स्थिर ठेवावी. हवेतून जाताना थोरियमचा संकेत दर मीटरला सुमारे ०.७ टक्के घटतो, म्हणजे साधारण शंभर मीटरमध्ये तो निम्मा होतो. पोटॅशियमच्या किरणांची ऊर्जा कमी असल्यामुळे तो आणखी लवकर घटतो. वृक्षांच्या शेंड्यांवर सुरक्षित अंतर ठेवणे अनिवार्य असल्याने जंगलावर वैमानिक आपोआप उंच जातो आणि मोकळ्या जमिनीवर खाली येतो. हा फरक आखणीतच गृहीत धरून, शक्य असल्यास संपूर्ण क्षेत्रासाठी एकच उंची ठरवावी.

वेळ निवडताना पावसाचे भान ठेवावे. पाऊस हवेतील रेडॉनची अपत्ये, म्हणजे त्याच्या विघटनातून बनलेले घटक, धुऊन जमिनीवर आणतो, आणि बिस्मथ-२१४ मुळे युरेनियमची खिडकी, म्हणजे त्याच्या किरणासाठी ठरवलेल्या ऊर्जापट्ट्यातील मोजणी, फुगते. बिस्मथचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे आणि त्याच्या जनक शिसे-२१४ चे सुमारे २७ मिनिटे असल्याने पाऊस थांबल्यावर किमान तीन तास थांबावे. मात्र हे थांबणे केवळ युरेनियमसाठी पुरेसे असते. भिजलेली माती तीन तासांत वाळत नाही, त्यामुळे मातीच्या नकाशासाठी काही कोरडे दिवस जाऊ द्यावेत.

चौथी पायरी : अंशांकन आणि रोजची तपासणी

अंशांकनासाठी, म्हणजे यंत्राची मोजणी ज्ञात प्रमाणांशी जुळवून घेण्यासाठी, मोहिमेपूर्वी तीन कामे झालेली असावीत. पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियमचे ज्ञात प्रमाण मिसळलेल्या काँक्रीटच्या चौथऱ्यांवर यंत्र ठेवून एका मूलद्रव्याचे किरण दुसऱ्याच्या खिडकीत किती शिरतात ते काढतात. विमानाचा स्वतःचा आणि अवकाशातून येणारा किरणोत्सार समजून घेण्यासाठी बऱ्याच उंचीवर, वेगवेगळ्या पातळ्यांवर उडतात. आणि ज्या जमिनीतील प्रमाण आधी मोजलेले आहे अशा चाचणी-पट्ट्यावरून निरनिराळ्या उंचीवर उडून घट व संवेदनशीलता ठरवतात.

रोजच्या कामाला मी चाचणी-रेषेचा नियम सर्वांत वर ठेवेन. दररोज सकाळी आणि संध्याकाळी एकाच ठरलेल्या रेषेवरून, एकाच उंचीवर उडावे आणि थोरियमच्या मोजणीची सरासरी नोंदवावी. यंत्र ठीक असेल आणि आकडा खाली सरकला असेल, तर माती ओली झाली आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि ही नोंद पुढे संपूर्ण मोहिमेच्या ओलाव्याची दुरुस्ती करताना उपयोगी पडते.

पाचवी पायरी : दुरुस्त्यांचा क्रम

क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा असतो. प्रथम यंत्राच्या मोजणीतील निष्क्रिय वेळ (एक किरण नोंदवताना पुढचा सुटतो तो काळ) आणि ऊर्जेची पट्टी दुरुस्त करतात, नंतर विमानाची व अवकाशाची पार्श्वभूमी वजा करतात, मग रेडॉन, त्यानंतर स्ट्रिपिंग, म्हणजे खिडक्यांमधील परस्पर मिसळ काढून टाकणे, मग प्रमाणित तापमान आणि दाबाला साजेशी उंची काढून घटीची दुरुस्ती, आणि शेवटी मोजणीचे प्रमाणात रूपांतर. पोटॅशियम टक्क्यांत आणि इतर दोन पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) मिळतात. त्यांवरून जमिनीलगतच्या हवेतील मात्रादर (दर तासाची किरणोत्साराची मात्रा) काढता येतो : पोटॅशियमच्या टक्क्यांना १३.०८ ने, युरेनियमच्या पीपीएमला ५.६७ ने आणि थोरियमच्या पीपीएमला २.४९ ने गुणून बेरीज केली की उत्तर ताशी नॅनोग्रेमध्ये येते. २ टक्के पोटॅशियम, २.५ पीपीएम युरेनियम आणि ९ पीपीएम थोरियम असलेल्या सामान्य मातीसाठी हा आकडा ६३ च्या आसपास येतो.

सहावी पायरी : जंगलाची दुरुस्ती

खनिज सर्वेक्षणाच्या नेहमीच्या प्रक्रियेत ही पायरी बहुधा नसते, आणि वनविज्ञानासाठी हीच सर्वांत महत्त्वाची आहे. जंगल संकेतावर तीन प्रकारे परिणाम करते.

पहिला परिणाम उंचीच्या मोजमापावर होतो. रडार उंचीमापकाचा पडसाद झाडांच्या शेंड्यांच्या दाट छत्रावरून परत आला तर यंत्र शेंड्यांनाच जमीन समजते. छत्र २० मीटर उंच असेल आणि तेवढी उंची नोंदीत कमी पडली, तर घटीची दुरुस्ती अपुरी होते आणि थोरियम सुमारे १४ टक्के कमी दिसते. उपाय सोपा आहे. जमिनीची खरी पातळी लायडारच्या (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या) शेवटच्या पडसादावरून किंवा चांगल्या भूपातळी-प्रतिमानावरून घ्यावी, विमानाची पातळी उपग्रह-स्थाननिश्चितीवरून घ्यावी, आणि दोन्हींच्या फरकाला उंची मानावे.

दुसरा परिणाम प्रत्यक्ष वस्तुमानाचा. हेक्टरी ६०० टन ओला जैवभार असलेल्या दाट जंगलात प्रत्येक चौरस मीटरवर ६० किलो वस्तुमान उभे असते. हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलो धरली तर हे ५० मीटर जाडीच्या हवेइतके झाले, म्हणजे विमान जणू ५० मीटर अधिक उंचीवरून उडत आहे. वस्तुमान सर्वत्र सारखे पसरलेले असते तर थोरियमचा संकेत जवळपास ३० टक्क्यांनी घटला असता. प्रत्यक्षात ते खोडांमध्ये एकवटलेले असते आणि मधल्या मोकळ्या जागेतून किरण सुटतात, त्यामुळे घट याहून कमी असते. ती किती कमी हे झाडांच्या अंतरावर आणि जाडीवर अवलंबून असल्याने पुस्तकी गुणांक लावण्यापेक्षा स्थानिक तुलना करावी : एकाच खडकावर, एकाच प्रकारच्या मातीवर, जंगलाच्या कडेच्या आत आणि बाहेर असलेल्या पट्ट्यांची थोरियमची सरासरी काढावी आणि तिचे गुणोत्तर लायडारवरून काढलेल्या जैवभाराशी जोडून पाहावे. अशा निदान काही जोड्या वेगवेगळ्या घनतेच्या जंगलात मिळाल्या तरच त्यातून सूत्र बांधावे.

तिसरा परिणाम झाडांतील पोटॅशियमचा, आणि त्याची भीती बरीचशी अनाठायी आहे. हेक्टरी एक टन पोटॅशियम झाडांत आहे असे धरले तरी ते चौरस मीटरला १०० ग्रॅम होते. मातीत २ टक्के पोटॅशियम असेल तर केवळ वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये सुमारे ९ किलो असते. हा परिणाम बहुतेक वेळा मोजणीच्या चढउतारात बुडून जातो.

दुरुस्ती झाली की नकाशा वनविभागांच्या सीमांवर ठेवून पाहावा. पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम ही तिन्ही एकाच सरळ रेषेवर एकदम खाली उतरत असतील आणि ती रेषा तोड झालेल्या भागाच्या कडेशी जुळत असेल, तर ती मातीची सीमा नाही. जंगलाचा परिणाम अजून शिल्लक आहे. अशा वेळी गुणोत्तरांचे नकाशे, उदाहरणार्थ थोरियम भागिले पोटॅशियम, अधिक विश्वासार्ह ठरतात, कारण घटीचा बराचसा भाग अंश आणि छेद दोन्हींत सारखा असल्याने निघून जातो.

सातवी पायरी : जमिनीवरचे नमुने

हवाई मोजणी शेकडो मीटरची सरासरी असते आणि मातीचा नमुना मूठभर असतो. एका नमुन्याची एका नोंदीशी तुलना करणे निरर्थक आहे. प्रत्येक तपासणीच्या जागी उड्डाणरेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले अनेक नमुने वरच्या ३० सेंटिमीटरमधून घ्यावेत आणि प्रत्येकाची घनता, ओलावा आणि सेंद्रिय थराची जाडी नोंदवावी. शक्य असेल तेथे हातात धरायच्या वर्णपटमापकाने जागेवर मोजणी करावी. जंगलाच्या जमिनीवरील पालापाचोळ्याचा थर वेगळा मोजावा. भिजलेला पाच-सहा सेंटिमीटरचा पाचोळासुद्धा पाण्याच्या पातळ थरासारखा वागतो.

नमुने उड्डाणाच्या दिवशी किंवा त्याला लागूनच घ्यावेत. मातीचे रसायन आठवडाभरात बदलत नाही, ओलावा बदलतो.

आठवी पायरी : नकाशा वाचणे

मातीच्या अभ्यासात सर्वांत उपयोगी सूत्र झिजेचे आहे. फेल्डस्पार आणि अभ्रकातील पोटॅशियम झिजेबरोबर धुऊन जाते, तर थोरियम चिकणमाती, लोहाची ऑक्साइडे आणि चिवट खनिजे यांच्याशी बांधलेले राहते. त्यामुळे एकाच खडकावर थोरियम-पोटॅशियम गुणोत्तर जास्त असलेला भाग म्हणजे बहुधा जुनी, खोल झिजलेली आणि पोषकद्रव्यांनी गरीब माती. गुणोत्तर कमी असलेला उतार म्हणजे ताजा खडक उघडा पडलेली, धूप चालू असलेली जमीन. वनरोपणासाठी जागा निवडताना हा फरक थेट कामाचा आहे. मात्र “एकाच खडकावर” ही अट सुटली की निष्कर्ष कोसळतो, कारण ग्रॅनाइट आणि बेसाल्ट यांच्या मूळ प्रमाणातच मोठा फरक असतो. म्हणून भूवैज्ञानिक नकाशा शेजारी ठेवूनच वाचावे.

पीटच्या बाबतीत चित्र सरळ आहे. पाण्याने भरलेल्या पीटमध्ये स्वतःची खनिजे नगण्य असतात आणि खालच्या जमिनीचा संकेत पहिल्या अर्ध्या मीटरमध्येच जवळपास संपतो. पीटची सीमा आणि कडेचा पातळ भाग चांगला दिसतो. मध्यभागी थर एक मीटर आहे की पाच, हे मात्र कळत नाही. कार्बनसाठ्याचा अंदाज करणाऱ्याने हे नीट लक्षात ठेवावे. क्षेत्रफळ गॅमा नकाशातून घ्यावे आणि जाडी सळईने किंवा जमिनीत शिरणाऱ्या रडारने मोजावी. निचरा केलेल्या पीटमध्ये पाणी कमी झाल्याने संकेत थोडा वाढतो, आणि त्यावरून निचऱ्याचा परिणाम कोठवर पोहोचला याचा माग काढता येतो.

ओलाव्यासाठी रेषा तीच आणि उंची तीच ठेवून दोन वेळच्या मोजण्यांची तुलना करतात. सूत्र असे आहे : संदर्भ दिवसाच्या मोजणीला आजच्या मोजणीने भागावे, त्या गुणोत्तराला १०० अधिक १.११ पट संदर्भ ओलाव्याने गुणावे, त्यातून १०० वजा करावे आणि उत्तराला १.११ ने भागावे. कोरड्या मातीच्या वजनाच्या तुलनेत संदर्भ ओलावा २० टक्के होता आणि आज दुरुस्त मोजणी १० टक्क्यांनी घटली असे समजू. १२२.२ ला ०.९ ने भागले तर १३५.८ येतात, आणि पुढील हिशेबात आजचा ओलावा सुमारे ३२ टक्के निघतो.

येथे सांख्यिकीची मर्यादा आडवी येते. एका सेकंदात थोरियमच्या ४० मोजण्या झाल्या तर अनिश्चितता ४० च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सहाहून थोडी अधिक, अर्थात सुमारे १६ टक्के असते. वरच्या उदाहरणातील १० टक्क्यांची घट एका सेकंदात दिसणारच नाही. रेषेवरील ४०० सेकंदांची सरासरी घेतली तर १६,००० मोजण्या होतात आणि अनिश्चितता ०.८ टक्क्यांवर येते. म्हणून ओलावा रेषेगणिक सांगावा, ठिपक्यागणिक नव्हे. बर्फातील पाण्याचे मोजमाप याच तत्त्वावर चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा त्यासाठीचा हवाई कार्यक्रम दशकानुदशके चालू आहे, आणि दाट जंगलातील जैवभार हा त्यातील चुकीचा एक परिचित स्रोत आहे.

सीझियम-१३७ चे स्वरूप वेगळे, कारण ते माणसाने टाकलेले आहे. एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर स्वीडनने मे महिन्यातच विमानातून मोजणी सुरू केली, आणि तेथील येव्हले (Gävle) शहराच्या परिसरात पावसाबरोबर जास्त सीझियम उतरल्याचे त्यातून दिसले. मार्च २०११ नंतर फुकुशिमातही हवाई मोजणी वारंवार झाली, आणि त्या प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित असल्याने जंगलाचा प्रश्न तेथे मध्यवर्ती ठरला. सीझियमचा किरण ०.६६२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे कमी ऊर्जेचा आहे. तो लवकर शोषला जातो, आणि वरच्या ऊर्जेच्या नैसर्गिक किरणांचे विखुरलेले अवशेष त्याच्या खिडकीत शिरतात. शिवाय जंगलात सीझियम एका जागी राहत नाही : सुरुवातीला ते छत्रावर अडते, पुढे पानगळ आणि पावसाबरोबर पाचोळ्यात उतरते, आणि नंतर हळूहळू खनिज मातीच्या वरच्या थरात शिरते. पहिल्या वर्षी उगम जमिनीच्या वर असतो, काही वर्षांनी तो जमिनीखाली जातो. चौरस मीटरला किती बेक्वेरेल (किरणोत्साराचे एकक) हे काढताना खोलीचे गृहीतक त्या त्या वर्षाच्या मातीच्या नमुन्यांवरून बदलावे लागते. नाहीतर सीझियम नुसते खाली सरकले असता ते नष्ट झाले असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

रेडॉनच्या धोक्याच्या नकाशासाठी सममूल्य युरेनियम हा चांगला पहिला निर्देशक आहे, परंतु वायू वर येतो की नाही हे मातीच्या पारगम्यतेवर ठरते. केवळ युरेनियमच्या आधारे घरांतील रेडॉनचे आकडे जाहीर करू नयेत.

नववी पायरी : माहिती कशी सोपवावी

अंतिम ग्रिडबरोबर प्रत्येक सेकंदाचा मूळ वर्णपट, उंचीच्या सर्व नोंदी, चाचणी-रेषेचे आकडे, हवामान आणि वापरलेले सर्व गुणांक द्यावेत. जंगलाची दुरुस्ती केलेला आणि न केलेला असे दोन्ही नकाशे स्वतंत्रपणे द्यावेत, कारण वीस वर्षांनी त्याच जंगलाचा जैवभार मोजू पाहणाऱ्याला आपण वजा केलेला भागच हवा असेल. मूळ वर्णपट हाती असेल तर सीझियमची खिडकी नंतरही काढता येते. फक्त तीन मूलद्रव्यांचे आकडे उरले असतील तर ते शक्य होत नाही.